साडेतीन टक्के बिबट्या

ऑक्टोबर 2024 मध्ये मियापूर मेट्रो स्टेशनच्या मागच्या बाजूला बिबट्या दिसला. म्हणजे कोणाला तरी दिसला, त्याने तो मोबाइलवर टिपला आणि बघता बघता बिबट्या हैदराबादच्या झाडून सगळ्या व्हॉट्सअॅप ग्रुपांत फिरू लागला. वन खात्याची माणसे आली, त्यांनी पायांचे ठसे तपासले आणि सांगितले की हा बिबट्या नव्हे, रानमांजर आहे. लोकांचा जीव भांड्यात पडला खरा, पण थोडा हिरमोडही झाला. त्याच वर्षी एप्रिलअखेरीस शमशाबाद विमानतळाच्या आवारात खराखुरा बिबट्या शिरला होता आणि वन खात्याला पाच दिवस झुलवून मगच पिंजऱ्यात गेला होता. शमशाबादला बिबट्या आणि आपल्याकडे मांजर, हे मियापूरकरांच्या मनाला लागणे साहजिक आहे. जागेचे भाव मियापुरात काही कमी नाहीत.

तर मांजराला बिबट्या समजून पळणारे हे शहर. आणि याच शहरात, मियापूरपासून फार लांब नाही अशा कोंडापूरच्या एका टोलेजंग इमारतीत, चौदाव्या मजल्यावर, आमच्या भाच्याने दीड लाख रुपये मोजून बिबट्यासारखे दिसणारे मांजर आणले.

या जातीला बेंगाल म्हणतात. सोनेरी अंग, त्यावर काळ्या कडांचे ठिपके, उन्हात आले की चमचमणारी फर. भाचा आयटीत आहे, त्याच्या हापिसात कोणाकडे तरी होते, ते याने पाहिले आणि रात्रीची झोप उडाली. पुढे मांजर घरी आल्यावर पुन्हा उडाली, ती अजून परतलेली नाही.

आमचे घराणे मूळचे नांदेडकडचे. पणजोबा निजामाच्या रेल्वेत चिकटले आणि काचीगुड्याला राहिले. बडी चावडीजवळच्या आमच्या जुन्या घरात मांजरे पुष्कळ होती, पण ती पाळली असे कोणी म्हटल्याचे आठवत नाही. ती यायची. कोठीच्या खोलीत उंदीर असायचे, चुलीशी ऊब असायची, वाटीभर दूध मिळायचे. एक गेली की दुसरी यायची आणि सगळ्यांचे नाव मनी असायचे. मांजरासाठी पैसे द्यायचे असतात हे ऐकून माझी थोरली बहीण, म्हणजे भाच्याची आई, पाच मिनिटे काही बोलली नाही. मग म्हणाली, "आपल्याकडे तर ती पोत्यात घालून मुसी नदीच्या पलीकडे सोडून यायला दोन रुपये द्यायचे."

मांजर विकणारे गृहस्थ बेंगळुरूचे. त्यांनी आधी भाच्याची मुलाखत घेतली. घर स्वतःचे की भाड्याचे, माणसे किती, दिवसभर घरी कोण असते, याआधी काही पाळले होते का, ते मेले तर कशाने. भाच्याच्या लग्नाच्या वेळी मुलीकडच्यांनी एवढी चौकशी केली नव्हती. सगळे पसंत पडल्यावर त्यांनी बोक्याचे फोटो पाठवले आणि अभिमानाने सांगितले, "सर, हा एफ-फोर आहे."

हा एफचा हिशेब समजून घेतला पाहिजे. आपल्या जंगलात बिबटमांजर नावाचा एक छोटा रानटी जीव असतो. आकाराने घरच्या मांजराएवढा, अंगावर बिबट्याचे ठिपके, स्वभावाने बिबट्याचा काका. त्याचा घरच्या मांजराशी संकर केला की होणारे पिल्लू एफ-वन. त्याचे पुन्हा घरच्या मांजराशी जमवले की एफ-टू. असे करत चौथ्या पिढीपर्यंत गेले की मांजर घरात ठेवण्याजोगे होते, असे जाणकार म्हणतात. पहिल्या तीन पिढ्यांतले बोके बहुतेक निपुत्रिक असतात, वंश पुढे चालतो तो माद्यांवर. घराण्याच्या नावाने मिशा पिळणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

एफचा आकडा जितका लहान, तितके मांजर रानटी आणि तितका भाव जास्त. म्हणून ते गृहस्थ एफ-फोर म्हणताना खुशीत होते. पण आमची भाचेसून वकील आहे. तिने विचारले, बिबटमांजर तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्याच पंगतीला. शिवाय साइट्स हा आंतरराष्ट्रीय करार रानटी पूर्वज मागच्या चार पिढ्यांत असेल तर संकरालाही वन्य प्राण्यांचे नियम लावतो, मग तुमचा बोका कसा बसतो? पलीकडे जरा शांतता पसरली. मग ते म्हणाले, "मॅडम, बघून सांगतो." कागद चाळल्याचा आवाज आला आणि बोका एफ-सिक्स निघाला. एकाच फोनवर दोन पिढ्या वाढल्या. भाव मात्र एफ-फोरचाच राहिला.

अशा वेळी हैदराबादकरांना एक सोय आहे. अत्तापूरला सीसीएमबी या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेची लॅकोन्स नावाची प्रयोगशाळा आहे. वन खात्याने पकडलेला मांसाचा तुकडा असो, कातडे असो की नखे, हा प्राणी नेमका कोण हे डीएनए पाहून तिथे सांगतात. पण आपल्याच घरचा बोका घेऊन आपणच तिथे जाणे म्हणजे स्वतःच्या घरावर स्वतः छापा घालणे. भाचा गेला नाही.

पिल्लू आले तेव्हा सोबत वंशावळ आली. लांबलचक इंग्रजी नावे, जाड कागद, सोनेरी शिक्का. ताईने चष्मा लावून ती वाचली. आमच्या घराण्याची वंशावळ पणजोबांच्या मागे नांदेडच्या एका पुरात वाहून गेली आहे. बोक्याची पाच पिढ्यांची शाबूत. कागदावर त्याचे नाव होते भले मोठे, भाच्याने घरात हाक मारायला सुलतान ठेवले, आणि ताईने पहिल्याच दिवशी त्याचा मन्या केला. तो मन्यालाच ओ देतो. कामवाल्या बाईंनी दार उघडताच एकदा "चिरुता! चिरुता!" म्हणून किंकाळी फोडली आणि त्या थेट लिफ्टमध्ये गेल्या. तेलुगूत चिरुता म्हणजे बिबट्या. हा या मांजराला मिळालेला पहिला आणि शेवटचा शुद्ध सन्मान. दुसऱ्या दिवसापासून त्याही त्याला केरसुणीने बाजूला सारू लागल्या.

आता या जातीचा इतिहास, कारण त्यात आपला मोठा हात आहे आणि त्याबद्दल आपल्याला कोणी छदाम दिलेला नाही. कॅलिफोर्नियात जीन मिल नावाच्या बाई होत्या. त्यांनी साठच्या दशकात बिबटमांजर आणि घरचा बोका यांचा संसार लावून पाहिला. पुढे ते काम थांबले. मग विलर्ड सेंटरवॉल नावाचे एक शास्त्रज्ञ मांजरांच्या रक्ताच्या कर्करोगावर संशोधन करत होते. बिबटमांजराला तो रोग होत नसावा असे त्यांना वाटत होते, म्हणून त्यांनी संकरित पिल्ले तयार केली. अभ्यास झाल्यावर पिल्लांचे करायचे काय? ती 1980 च्या सुमारास जीनबाईंकडे आली. पिल्ले तर मिळाली, पण त्यांना जोडीला तसाच देखणा, ठिपकेवाला घरचा बोका हवा होता.

तो सापडला दिल्लीत. 1982 मध्ये बाई भारतात आल्या असताना दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयातल्या एका अधिकाऱ्याने त्यांना एक भटका बोका दाखवला. सोनेरी रंगाचा, ठिपक्यांचा, आणि मुक्काम गेंड्याच्या आवारात. ना तिकीट, ना परवाना, ना मालक. गेंडा त्याला काही करत नव्हता, तो गेंड्याला काही करत नव्हता, दिल्लीत याला सहजीवन म्हणतात. बाईंनी त्याला उचलून अमेरिकेला नेले आणि त्याचे नाव ठेवले मिलवुड टोरी ऑफ दिल्ली. आजच्या बहुतेक बेंगाल मांजरांच्या घराण्यात हा दिल्लीकर मूळपुरुष आहे. फरवरची ती प्रसिद्ध चमक, जिच्यासाठी लोक जादा पैसे मोजतात, ती बिबटमांजराची नव्हेच. ती गेंड्याच्या शेजाऱ्याची.

म्हणजे आपल्याकडचा फुकटचा बोका परदेशी गेला, तिकडून कागदपत्रे करून आला आणि चाळीस वर्षांनी दीड लाखाला परत मिळाला. आमच्या कॉलनीतल्या बऱ्याच मुलांच्या बाबतीत हेच झाले आहे, पण त्यांच्या बापांनी जाताना पैसे भरले होते.

यावर कळस चढवला 2024 मधल्या एका संशोधनाने. स्टॅनफर्डकडच्या काही अभ्यासकांनी शेकडो बेंगाल मांजरांचा डीएनए तपासला. त्यांना आढळले की आजच्या बेंगालात बिबटमांजराचा अंश सरासरी साडेतीन टक्क्यांच्या आसपास आहे. आणि त्याचे जंगली दिसणे तरी त्या साडेतीन टक्क्यांतून यावे? तेही नाही. ते बरेचसे घरच्या मांजरांत आधीपासून असलेल्या गुणांमधून, माणसांनी निवडून निवडून काढलेले आहे.

मी कागद-पेन्सिल घेतली. दीड लाखाचे साडेतीन टक्के म्हणजे 5,250 रुपये. भाच्याच्या घरात एवढ्या किमतीचा बिबट्या आहे. उरलेले 1,44,750 रुपये निव्वळ मनीचे. भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही बँकेतनं रिटायर झालात तरी बँक तुमच्यातनं गेली नाही." पण मराठी माणसाने साडेतीनाला कमी लेखू नये. मुहूर्त साडेतीन, देवीची पीठे साडेतीन, शहाणेही साडेतीन, आणि त्या शहाण्यांतला एक, विठ्ठल सुंदर, निजामाच्याच पदरी होता. आम्हा हैदराबादी मराठ्यांना या आकड्याचा जरा जास्तच अभिमान.

शिवाय हे साडेतीन टक्के घरात बसून जे काम करतात ते पाहिले म्हणजे उरलेल्या साडेशहाण्णवांना शरण जाण्यावाचून काही सुचत नाही. नळाचेच घ्या. बेंगालला पाण्याची आवड फार. भाच्याच्या स्वयंपाकघरात दांडीचा नळ आहे. मन्या ओट्यावर चढतो, आधी इकडेतिकडे पाहतो, मग उजवा पंजा दांडीखाली घालतो आणि खांद्याचा जोर लावून ती वर उचलतो. धार सुरू झाली की मान तिरकी करून तिच्याकडे बघत बसतो. मग धारेत पंजा घालतो, काढतो, झटकतो, पुन्हा घालतो. पाणी पितो फार थोडे. नळ बंद करणे त्याच्या अभ्यासक्रमात नाही. उन्हाळ्यात कोंडापुरात बोअर आटतात, टँकर मागवावे लागतात, सोसायटीत पाण्याला मीटर आहेत. रात्री दोनला तो नळ सोडतो आणि सकाळी सेक्रेटरीचा मेसेज येतो. आता रात्री नळाच्या दांडीला ताईच्या जुन्या परकराचा नाडा बांधतात. दीड लाखाच्या जनावराला अडवणारी घरातली ही एकमेव वस्तू, आणि तिच्यावर कसलाही शिक्का नाही.

नंतर बाल्कनी. हैदराबादेत उंच इमारतींना कबुतरांसाठी जाळ्या लावतातच, भाच्याकडेही होती. मन्या तिच्यावर पंधराव्या मजल्यावरच्यांना दिसेल इतका उंच चढला, म्हणजे मांजर वर आणि जाळी खाली अशी स्थिती झाली. याकूतपुऱ्याचा जाळीवाला बोलावला. त्याने जाळी चिमटीत धरून ओढून पाहिली, मन्याकडे पाहिले, मग भाच्याकडे बराच वेळ पाहिले.

"साब, ये जाली कबूतर अंदर नै आने की है. बिल्ली बाहर नै जाने की अलग आती."

"फरक क्या है?"

"कबूतर को दिमाग नै रैता ना, साब."

मग बारीक तारेची जाळी लागली. त्यानंतर मांजराला चढायला भिंतीवर फळ्या लागल्या. मग धावायला एक भले मोठे चाक आले, ते दिवाणखान्यात टीव्हीच्या जागी आहे. मग निर्बीजीकरण, मग नखे कापून घेणे, मग व्हिडिओ कॉलवरून मांजराचे वागणे सुधारणाऱ्या एक मुंबईच्या बाई. त्यांच्या तासाचा दर आमच्या वेळच्या गणिताच्या शिकवणीच्या वर्षभराच्या फीएवढा. लोक दीड लाख देऊन रानटीपणा विकत घेतात आणि मग तो घालवण्यासाठी हप्ते भरतात, हा व्यवहार माझ्या बँकेतल्या नोकरीत कधी पाहण्यात आला नव्हता.

चोरीची भीती वेगळीच. जानेवारी 2023 मध्ये वनस्थळीपुरममध्ये 50,000 रुपयांची मांजर चोरीला गेली आणि मालकाने पोलिसांत फिर्याद दिली, ही बातमी भाच्याने कात्रण करून फ्रिजला लावली आहे. तेव्हापासून दारावर कॅमेरा. मन्याला फिरायला नेतात तेही छातीला पट्टा बांधून, दोघे मिळून. तो खाली आला की सोसायटीतल्या लॅब्रेडॉरना आठवण येते की आपल्याला घरी काम आहे. एकदा संध्याकाळी कोणीतरी गच्चीच्या कठड्यावर त्याचा अंधुक फोटो काढून ग्रुपवर टाकला, खाली लिहिले, 'टॉवर बीमध्ये बिबट्या, मुलांना खाली सोडू नये.' तासभर कोणी खाली उतरले नाही. मुलांच्या शिकवण्या बुडाल्या. हे मन्याचे समाजकार्य.

जेवणाचे सांगायचे राहिले. डॉक्टरांनी दिलेला तक्ता भिंतीवर आहे: प्रथिने इतकी, चरबी इतकी, परदेशी डब्यातले खाणे ग्रॅमवर मोजून. गणपतीत ताई पंधरा दिवस राहायला गेली. तिने आल्या आल्या वाटीत पोळी कुस्करून त्यावर दूध ओतले. मन्याने परदेशी खाण्याकडे पाठ फिरवली आणि वाटी चाटूनपुसून लख्ख केली. डॉक्टर फोनवर ओरडले, मोठ्या मांजरांना दूध पचत नाही म्हणाले. त्यांचे खरेच होते. रात्री त्याचा प्रत्यय सगळ्या घराला आला. ताईचे म्हणणे एवढेच, "पोळी तर पचली ना?"

मला राहून राहून त्या मूळ बिबटमांजराचे कौतुक वाटते. चीनमधल्या सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीच्या शेतकरी वस्त्यांत मांजराची हाडे सापडली. घरच्या मांजराची असावीत असे आधी वाटले. तपासल्यावर ती बिबटमांजराची निघाली. म्हणजे माणसाजवळ राहून पाहण्याचा प्रयोग त्याने केव्हाच केला होता. धान्याची कोठारे होती, उंदीर होते, सगळी बडदास्त होती. सगळे नीट पाहून घेतले आणि ते जंगलात परत गेले. त्याच्या जागी मग घरचे मांजर आले, त्याने हा व्यवहार पत्करला. एवढा विचार करून नकार दिलेल्या घराण्याला कॅलिफोर्नियातून पुन्हा आग्रह करकरून आणायचे म्हणजे काय म्हणावे.

भाच्याचे मात्र मन भरलेले नाही. परवा तो मला सव्हाना मांजराचे फोटो दाखवत होता. आफ्रिकेतल्या सर्व्हल नावाच्या लांब पायांच्या रानटी मांजराचा हा संकर, पहिले पिल्लू 1986 मध्ये अमेरिकेत जन्मले. गिनेस बुकातल्या विक्रमी उंचीचा सव्हाना बोका खांद्यापर्यंत 47.83 सेंटिमीटर भरला. म्हणजे तो जेवणाच्या टेबलावर चढत नाही, नुसता उभा राहतो. ऑस्ट्रेलियाने 2008 मध्येच या जातीला देशात यायला बंदी केली, आपल्या छोट्या प्राण्यांचा फडशा पडेल म्हणून. मी भाच्याला आशेराची गोष्ट सांगितली. 2007 मध्ये अमेरिकेत एका कंपनीने आशेरा नावाची अगदी नवी, तीन जातींच्या संकराची मांजर 22,000 डॉलरला विकायला काढली. वर्षभरात डीएनए तपासला तर ती साधी सव्हानाच निघाली, दुसऱ्याच एका माणसाच्या गोठ्यातली. भाचा म्हणाला, "पण मामा, सव्हाना तर होती ना!" याला काय समजावणार. ताई आतून ओरडली, "आधी हे काय करायलंय ते बघ, पडदा फाडायलंय!"

ज्यांना अजूनही घरात जंगल आणायची हौस असेल त्यांना निवृत्त बँकवाल्याचा सल्ला. बहादूरपुऱ्याच्या नेहरू प्राणिसंग्रहालयात प्राणी दत्तक घ्यायची योजना आहे. जानेवारी 2021 मध्ये स्टेट बँकेने तिथले 15 वाघ वर्षभरासाठी दत्तक घेतले आणि 15 लाखांचा धनादेश दिला, म्हणजे वाघामागे लाख रुपये. शंभर टक्के वाघ, साडेतीन नव्हे. पिंजरा त्यांचा, मांस त्यांचे, डॉक्टर त्यांचा, नळही त्यांचाच. तुम्ही फक्त अधूनमधून जाऊन बघून यायचे. सोमवारी जाऊ नका, सोमवारी बंद असते.